माणूस असणे म्हणजे काय? मराठी साहित्याच्या वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माणूस असणे म्हणजे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. त्यासाठी कथा-कविता कशाला वाचायच्या?

तत्त्वज्ञानाला सगळ्या माणसांना सारखीच लागू पडेल अशी व्याख्या हवी असते. साहित्याचे काम एका माणसापासून सुरू होते. त्याला नाव असते, गाव असते, बोलण्याची ढब असते आणि त्याच्यावर कोणता तरी प्रसंग आलेला असतो. हा फरक वरवर लहान दिसला तरी त्याचा परिणाम मोठा आहे. माणूस म्हणजे विचार करणारा प्राणी, असे म्हटले तर कोणाचीच हरकत नसते. ज्या समाजाने काही माणसांची सावलीसुद्धा विटाळाची मानली, त्या समाजातल्या शास्त्रीपंडितांनीही या व्याख्येला मान डोलावली असती. पण केशवसुतांच्या 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' या कवितेतले हाकलले गेलेले मूल आईकडे जाऊन त्याचे कारण विचारते, तेव्हा वाचणाऱ्याला मान डोलावून सुटता येत नाही. त्या मुलाला काय उत्तर द्यायचे, हा पेच त्या आईबरोबर आपल्यावरही येऊन पडतो.

या पानावरच्या उत्तरांमागे एक मत आहे आणि ते आरंभीच सांगितलेले बरे. मराठीतल्या मोठ्या लेखकांनी माणूसपण हा एकट्याच्या अंगी असलेला गुण म्हणून फारसा रंगवलेला नाही. एकाने दुसऱ्याला माणूस म्हणून ओळखले किंवा ओळखायला नकार दिला, अशा प्रसंगांतूनच त्यांनी तो प्रश्न पुन्हा पुन्हा मांडला आहे. पुढची उदाहरणे त्याच दृष्टीने निवडली आहेत. दुसरा कोणी वेगळी निवड करील आणि तीही योग्य असू शकेल.

मराठीत 'माणूस' या शब्दाचा अर्थ केवळ 'मानव' एवढाच आहे का?

नाही, आणि म्हणूनच साहित्याआधी या शब्दापाशी थोडे थांबावे असे वाटते. 'मानव' आणि 'मनुष्य' हे शब्द आपण पुस्तकात आणि भाषणात वापरतो. 'माणूस' मात्र घरातला शब्द आहे. 'कामाला माणूस ठेवला' म्हणताना त्याचा अर्थ राबणारे हात एवढाच उरतो. 'ते आपलं माणूस आहे' म्हणताना त्याच शब्दात सगळा जिव्हाळा येतो. व्याकरणातही तो एका जागी बसत नाही. 'मोठा माणूस' म्हणजे पैशाने, पदाने किंवा कर्तृत्वाने मोठा. पण 'घरात कोणी मोठं माणूस नाही का?' असे विचारले की वडीलधारी व्यक्ती अभिप्रेत असते, मग ती आजी असो की काका. अनेकवचनात तर 'ती माणसं' असे नपुंसकलिंगच रूढ आहे, आणि त्यात बायका-पुरुष सारेच सामावतात.

वाक्प्रचार आणखी पुढे जातात. दीर्घ आजारातून किंवा दारूतून सावरलेला इसम 'माणसात येतो'. गावाने टाकलेला, अब्रू गमावलेला इसम 'माणसातून उठतो'. रानातले जनावर सवयीने जवळ यायला लागले की ते 'माणसाळते'. या तिन्ही प्रयोगांमागे एक समजूत आहे: माणूसपण ही एक वस्ती आहे, तिच्यात येता येते आणि तिच्यातून बाहेरही घातले जाते. आपल्या बोलीत रुजलेली ही समजूत साहित्याने निर्माण केलेली नाही; पण ती वस्ती कोण राखते, कोणाला आत घेते आणि कोणाला वेशीबाहेर ठेवते, हे साहित्याने विचारले.

संतांच्या अभंगांत सगळीकडे देवच आहे. त्यात माणूस कुठे शोधायचा?

देव कुठे सापडतो असे ते सांगतात, तिथेच शोधावा. 'जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले' हा तुकारामांचा अभंग शाळेपासून कानावर पडत असल्यामुळे आपण तो ऐकेनासे झालो आहोत. त्यातले क्रियापद पाहावे. साधू तो, जो पिडलेल्यांना जेवू घालतो किंवा उपदेश करतो, असे तुकाराम म्हणत नाहीत. जो त्यांना 'आपुले' म्हणतो तो साधू, आणि देव तिथेच जाणावा. याच अभंगात पुढे येणारी ओळ मला अधिक कठीण वाटते: 'दया करणे जे पुत्रासी, तेचि दासा आणि दासी.' रस्त्यावरच्या अनोळखी दुःखिताला एखादे दिवशी आपला म्हणणे जमते. घरात रोज भांडी घासणाऱ्या, पाणी भरणाऱ्या माणसाशी पोटच्या मुलासारखे वागणे किती जणांना जमले असेल, हे आपापल्या घरात डोकावून प्रत्येकाने ठरवावे.

हे लिहिणारा माणूस दुःख दुरून पाहणारा नव्हता. सतराव्या शतकातल्या, १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकारामांचे दुकान बुडाले, मान गेला आणि एक पत्नी 'अन्न अन्न करिता' मेली, हे त्यांनी स्वतःच एका अभंगात नोंदवून ठेवले आहे. तेव्हा रंजले-गांजले म्हणजे कोण, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

चोखामेळ्यांचे आणि त्यांच्या पत्नी सोयराबाईंचे अभंग याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने येतात. तुकाराम 'आपुले' म्हणायला सांगतात. चोखोबा आणि सोयराबाई हे ज्यांना कोणी आपले म्हटले नाही त्यांच्यातले. ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो, वरच्या रंगाला काय भुललास, असे चोखोबा विचारतात; ते आर्जव आहे. सोयराबाईंचा स्वर अधिक धीट आहे. 'देहासी विटाळ म्हणती सकळ' असे सुरू करून त्या सांगतात की देहाचा विटाळ देहातच जन्माला येतो, मग सोवळा असा झालाच कोण? रजस्वला म्हणून आणि जात म्हणून, असे दोन्ही विटाळ जिच्या वाट्याला आले त्या बाईने केलेला हा युक्तिवाद आहे, आणि इतक्या शतकांत तो कोणाला खोडता आलेला नाही.

तरीही संतांनी प्रश्न सोडवला, असे म्हणणे खरे होणार नाही. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरपूरला मंदिराच्या महाद्वारासमोर, म्हणजे बाहेर आहे. त्यांच्या समाजाला त्या मंदिरात जाण्यासाठी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले. मधली सहाशे वर्षे चोखोबांचे अभंग भक्तिभावाने गायले जात होते आणि दारही बंद होते.

पसायदानात 'माणूस' हा शब्दच नाही. मग ते मानवतेचे मागणे कसे?

निरीक्षण बरोबर आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या या मागण्यात 'भूते' आहेत, 'प्राणिजात' आहे, 'खळ' आहेत. 'भूतां परस्परें जडो मैत्र जीवाचें' यातली मैत्री माणसांपुरती राखून ठेवलेली नाही. आणि खळ नाहीसे होवोत असे मागितलेले नाही. त्यांचा वाकडेपणा तेवढा सुटावा, असे मागितले आहे. वाईटाला माणसांच्या वस्तीबाहेर न घालता हे मागणे पुरे होते, हे मला त्यातले सर्वांत मोठे धाडस वाटते.

बहिणाबाईंनी माणसापेक्षा गोठ्यातले जनावर बरे म्हटले. ही माणसाची निंदा आहे का?

रागावणे आणि निंदा यांत फरक असतो. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या जळगावजवळच्या असोद्याच्या. त्या लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या. शेतात, जात्यावर, चुलीपाशी सुचलेली त्यांची गाणी घरच्यांनी ऐकून टिपून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती छापून आली. गाय-म्हैस चारा खाऊन दूध देते, कुत्रा इमानासाठी शेपूट हलवतो आणि माणूस मान डोलावतो ती मतलबासाठी, हा त्यांचा हिशेब रोज गुरांत वावरणाऱ्या बाईचा आहे. ग्रंथांत माणूस आणि पशू यांची तुलना होते तेव्हा बहुधा पशू हा केवळ उदाहरणापुरता असतो; इथे ती गाय खरोखरीची आहे, तिचे दूध काढलेले आहे.

पण त्या गाण्याचा खरा जोर 'मानसा मानसा, कधी व्हशील मानूस' या प्रश्नात आहे. एकाच ओळीत तो शब्द दोन अर्थांनी आला आहे. ज्याला हाक मारली तो जन्माने माणूस आहेच. जो व्हायचा आहे तो अजून झालेला नाही. 'कधी' या शब्दात वैताग आहे, तशी वाट पाहणेही आहे. ज्याच्याविषयी काही आशाच उरली नाही, त्याला असे कोणी विचारत नाही.

दलित साहित्याने या प्रश्नात नवीन काय आणले?

त्याआधीचे बहुतेक लेखन, अगदी कळवळ्याने लिहिलेलेसुद्धा, माणूस म्हणून आधीच मान्यता असलेल्यांकडून आलेले होते. दलित साहित्यात ज्यांना ती मान्यता नाकारली गेली त्यांनी स्वतः तोंड उघडले. त्यामुळे प्रश्नाचा रोखच फिरला. 'माणसाने माणसाशी कसे वागावे' या जागी 'मी माणूस आहे हे तुम्ही कोणत्या अधिकाराने नाकारता' असा तो झाला.

याची मुळे साहित्याच्या बाहेर, महाडला आहेत. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्याच वर्षी डिसेंबरात तिथेच भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी स्पष्ट केले की आपण केवळ पाणी पिण्यासाठी तळ्यावर जात नाही, इतरांसारखी आपणही माणसेच आहोत हे सिद्ध करण्यासाठी जातो. पुढची दलित कविता आणि कथा या विधानाचा विस्तार आहे, असे मी समजतो. पाण्याची ओंजळ हे त्या साहित्याचे पहिले वाक्य म्हणावे लागेल.

बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा (याच नावाचा संग्रह १९६३ चा) या बाबतीत अतिशय नेमकी आहे. तिचा निवेदक रेल्वेच्या नोकरीसाठी परक्या मुलखात जातो आणि आपली जात सांगत नाही. तो शिकलेला आहे, कविता करणारा आहे. लोक त्याला मान देतात, घरात जागा देतात. जात कळते त्या क्षणी तोच देह, तीच विद्या, तीच कविता, सारे तसेच असताना तो मार खातो. त्याच्यात काहीही बदललेले नसते. बदलते ती भोवतालच्यांची नजर. शेवटी आपल्याला या लोकांनी कुठे मारले, मनूने मारले, अशा अर्थाचे तो बोलतो. हे वाक्य क्षमेचे आहे की त्याहून मोठ्या आरोपाचे, यावर वाचकांचे एकमत होत नाही. मला ते दुसऱ्या प्रकारचे वाटते, कारण मारणाऱ्यांनाही त्याने त्यात एका जुन्या यंत्राचे भाग ठरवले आहे, म्हणजे त्यांचेही माणूसपण हिरावले गेल्याचे दाखवून दिले आहे. कथेच्या नावातला 'चोरली' हा शब्दही पाहावा. जे सर्वांना फुकट मिळते ते याला चोरून मिळवावे लागते.

दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) हे आत्मकथन याहून आतले काही सांगते. त्यात शिकलेला, शहरात स्थिरावलेला दया आणि गावकुसाबाहेर वाढलेला दगडू ही एकाच माणसाची दोन रूपे एकमेकांशी बोलतात. बाहेरच्या समाजाने नाकारलेले आपलेच रूप आपल्यालाही नकोसे होऊ लागते आणि मग त्याला आपले म्हणायला फार मोठे धैर्य लागते. तुकारामांचे 'आपुले' इथे स्वतःच्या भूतकाळाला म्हणायचे आहे.

नामदेव ढसाळ यांच्या 'माणसाने' या कवितेत इतका विध्वंस का आहे? ती वाचवत नाही.

ती वाचवू नये अशीच लिहिली आहे. 'गोलपिठा' हा संग्रह १९७२ चा. त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना झाली. मुंबईच्या कामाठीपुरा परिसरातले जगणे त्या संग्रहात त्याच वस्तीच्या भाषेत आले, आणि त्याला प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही कवीकडून काही शब्दांचे अर्थ समजून घ्यावे लागले होते. 'माणसाने' ही कविता आरंभापासून एकामागून एक आज्ञा देत जाते: माणसाने स्वतःला उद्ध्वस्त करावे, व्यसने करावीत, शिव्या द्याव्यात, ज्याला ज्याला आपण पवित्र म्हणतो ते सर्व मोडून टाकावे. वाचक या माऱ्याने गुदमरतो. आणि मग शेवटी स्वर पालटतो. जे उरतील त्यांनी कोणाला गुलाम करू नये, लुटू नये, काळा-गोरा म्हणू नये, आणि माणसाचेच गाणे माणसाने गावे, असे ती म्हणते.

केवळ शेवटच्या ओळी फलकावर लिहिण्याची एक रीत पडली आहे. तसे करण्यात कवितेवर अन्याय होतो. 'माणूस' हा शब्द ज्या संस्कृतीने इतका खोटा करून ठेवला, तिच्या भाषेत तो गोड आवाजात उच्चारणे कवीला शक्य नव्हते. सगळी मोडतोड करून झाल्यावरच तो शब्द त्याला तोंडात घेता आला. मधला नरक वगळून शेवटच्या ओळी मिळत नाहीत.

या कवितेशेजारी एक पुस्तक ठेवून वाचावे, अशी माझी विनंती असते: मलिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) हे आत्मकथन. त्या ढसाळांच्या पत्नी. चळवळीच्या धामधुमीत एका घरातल्या बाईचे काय झाले, हे त्यांनी न लपवता लिहिले. माणसाचे गाणे गाणाऱ्याच्या घरातले माणूस त्या गाण्यात होते का, हा प्रश्न त्यांनी विचारला. त्यामुळे कविता लहान होत नाही; तिचे म्हणणे अजून पुरे झालेले नाही, हे कळते.

साहित्यातल्या 'माणूस' या शब्दात बाई धरलेली असते का?

व्याकरणात असते. प्रत्यक्षात मराठीला 'बाईमाणूस' असा वेगळा शब्द करावा लागला, आणि तो बहुतेक वेळा 'बाईमाणसाने असे करू नये' अशाच वाक्यात येतो.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली ती याच अन्यायावर. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर दोषारोप होऊ लागला. त्यावर ताराबाईंनी विचारले की जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय? एकेक दुर्गुण घेऊन त्यांनी तुलना मांडली आहे. बाई देवी असल्याचा दावा त्या करीत नाहीत. पुरुषाइतकीच चुकू शकणारी माणूस म्हणून तिचा हिशेब व्हावा, एवढेच त्यांचे मागणे आहे, आणि ते इतके साधे असल्यामुळेच तेव्हा सहन झाले नाही. जोतीराव फुले यांनी मात्र त्यांची बाजू घेतली.

बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या आत्मकथनात हा प्रश्न आणखी एक पायरी खाली उतरतो. महारवाड्याबाहेरचे जग महारांना माणूस मानत नाही आणि महारवाड्याच्या आत सून माणसात जमा नाही, हे त्या दोन्ही बाजूंनी सांगतात. आपले लेखन त्यांनी घरच्यांपासून अनेक वर्षे लपवून ठेवले होते. समाजाने नाकारलेली माणसेही आपल्याहून दुबळ्याला नाकारायला शिकतात, हे लिहिताना आपल्याच लोकांची बदनामी होईल ही भीती त्यांनी बाजूला सारली. या प्रामाणिकपणाचे मोल मला फार वाटते.

ज्याच्या आयुष्यात सांगण्यासारखे काहीच घडत नाही, अशा सामान्य माणसाचे काय?

त्याच्यासाठी बा. सी. मर्ढेकरांची 'गणपत वाणी' ही कविता आहे, आणि या पानावर जिच्याविषयी सर्वांत अधिक लिहावेसे वाटते ती हीच.

गणपत वाणी छोटे दुकान चालवतो. बिडी पिताना काडी चावतो आणि या जागेवर माडी बांधीन, असे मनाशी म्हणतो. जिरे, धणे, खोबरेल विकतो, गिऱ्हाइकाची कदर राखतो, हिशेब करीत बसतो. रात्री मिणमिणत्या पणतीपाशी तुकारामांची गाथा वाचत लवंडतो. गोणपटावर सतरंजी, उशाला पोते, आडोशाला तुपाचा वास. मग बिडी पितापिताच एक दिवस मरून जातो. माडी झाली नाही. त्याने चावून फेकलेल्या काड्या दुकानाच्या जमिनीत रुतून राहिल्या. संपली कविता.

शाळेत असताना ही कविता मला थट्टेची वाटली होती. डोळा मिचकावून, भिवई उडवून काडी भिरकावणारा हा इसम हसण्यासारखाच होता. पुष्कळ वर्षांनी पुन्हा वाचताना काडी आणि हाड यांच्यावर नजर अडकली. गणपतने आपल्या हाडांची काडे केली, ती जमिनीला रुतली, असे कवी आधी म्हणतो आणि मग चावलेल्या काड्यांविषयी तेच शब्द पुन्हा वापरतो. ज्या स्वप्नासाठी तो काडी चावत होता त्या स्वप्नाने त्यालाच चावून टाकले. शेवटी 'आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन' ही म्हण येते, आणि ती इथे इतकी कडू होते की गिळवत नाही: ज्याने एक माडी मागितली त्याला काय मिळाले?

आणि ती गाथा. वाण्याचे दुकान चालवणारा आणि दुष्काळात ते गमावून बसलेला तुकाराम, आणि त्यानंतर तीनशे वर्षांनी दुकानातल्या गोणपटावर लोळून त्याचे अभंग वाचणारा गणपत. त्याला त्या अभंगांतले किती कळत होते, हे कवी सांगत नाही. पण रंजल्या-गांजल्यांना आपुले म्हणणारा शब्द ज्याच्या उशाशी होता, त्याला आपला म्हणणारे त्या दुकानात कोणीही नव्हते. गणपतला आपला म्हटले ते एकट्या कवितेने. ज्याची कोणी दखल घेतली नसती त्याच्या काडीची, पणतीची, तुपाच्या वासाची तिने दखल घेतली.

याच मर्ढेकरांनी पिपात मरून पडलेल्या ओल्या उंदरांची कविता लिहिली, आणि त्यांच्या १९४७ च्या 'काही कविता' या संग्रहावर पुढे अश्लीलतेचा खटला झाला. त्यातून ते निर्दोष सुटले. महायुद्धानंतरच्या यंत्रयुगात माणूस उंदीर आणि मुंगी झाला, हे त्यांचे म्हणणे वारंवार उद्धृत होते. ते खरे आहे. परंतु उंदरांच्या कवितेबरोबर गणपतची कविता वाचली नाही, तर मर्ढेकर केवळ निराशेचे कवी वाटतील आणि त्यांची माया दिसणार नाही.

प्राण्यांवरचे साहित्य या प्रश्नाला उपयोगी पडते का?

पडते, पण जपून. व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' ही छोटी कादंबरी वानरांच्या टोळीतल्या सत्तेच्या लढाईची आहे. तिला माणसांच्या राजकारणाचे रूपक म्हणून वाचण्याचा मोह होतो आणि वाचक तो सहसा आवरत नाहीत. माडगूळकर मात्र रानात बसून पाहणारे लेखक होते. त्यांची वानरे आधी वानरे आहेत. हे मान्य करूनही नव्या नराने टोळी जिंकल्यावर पिलांचे जे होते ते वाचताना अंगावर काटा येतो, तो ओळखीचा असतो.

जो अनुभव आपला नाही, त्याचे साहित्य वाचून आपल्याला खरोखर काही कळते का?

काही कळते आणि काही कळत नाही, आणि यातले दुसरे मान्य केल्याशिवाय पहिले घडत नाही. बलुत्याचा अनुभव नसलेल्या घरात वाढलेल्या वाचकाने 'बलुतं' मिटताना 'मला समजले' असे म्हटले, तर ते घाईचे होईल. सहानुभूती आणि स्वानुभव यांतला हा वाद मराठीत दलित आत्मकथने येऊ लागल्यापासून चालू आहे. स्वतः भोगलेल्यानेच लिहावे, ही त्यातली भूमिका समजण्यासारखी आहे. फार काळ दुसऱ्यांनीच त्यांच्या वतीने लिहिले आणि बहुधा कणव म्हणून लिहिले. वाचण्याबाबत मात्र असे कुंपण घालता येणार नाही, कारण ज्याला माणूस म्हणून ओळखायला सांगितले जात आहे तो वाचकच आहे.

विंदा करंदीकरांच्या 'माझ्या मना बन दगड' या कवितेत न भोगलेल्याची अडचण फार प्रामाणिकपणे आली आहे. अन्नाशिवाय, कपड्याशिवाय कुडकुडणारे जीव दिसतात आणि कवी आपल्या मनाला दगड व्हायला सांगतो, डोळे शिवून घ्यायला सांगतो. जे मन खरोखर दगड झालेले असते त्याला असे सांगावे लागत नाही. वाचकाने या कवितेपासून आपली जागा शोधावी: आपण सांगणाऱ्यांतले आहोत, की झालेल्यांतले?

चांगले साहित्य वाचल्याने माणूस अधिक चांगला माणूस होतो का?

अशी हमी देता येत नाही. चोखोबांचे अभंग गाऊन घरी परतल्यावर पाण्याचे भांडे वेगळे ठेवणारी पिढी आपल्यातल्या अनेकांच्या घरांत होऊन गेली आहे. ती माणसे अभंगाची भाषा जाणणारी होती आणि दांभिकही सगळी नव्हती. त्यांना त्या दोन गोष्टी एकमेकींशी जोडाव्याशा वाटल्याच नाहीत. साहित्य एवढेच करू शकते की एखाद्या दगडूला, एखाद्या गणपतला असे समोर आणून उभे करते की मग त्याला पाहिले नाही, असे म्हणता येत नाही. पाहिल्यानंतर काय करायचे, ते पुस्तकाच्या हातात राहत नाही.

सुरुवात कुठून करावी?

माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) या व्यक्तिचित्रांपासून करावी. भाषा सोपी आहे आणि एका बैठकीत एक चित्र वाचून होते. 'धर्मा रामोशी', 'रामा मैलकुली' अशी शीर्षके गावाच्या रिवाजाप्रमाणे जात किंवा काम सांगून माणसाची ओळख करून देतात. चित्र वाचून झाल्यावर त्या बिरुदाचे किती उरले, हे आपल्याशी पडताळून पाहावे. त्यानंतर बहिणाबाईंची गाणी घ्यावीत आणि ती मोठ्याने म्हणावीत, कारण ती कागदासाठी झालेलीच नाहीत. खानदेशी बोलीतला एखादा शब्द अडला तर अर्थ नंतर पाहावा, चाल मोडू नये. बागुलांच्या कथा आणि 'बलुतं' यांसाठी थोडा निवांत वेळ राखून ठेवावा. त्या प्रवासात वाचण्यासारख्या नाहीत. ढसाळ त्यानंतर.

तुकारामांची गाथा सलग वाचण्याचा हट्ट धरू नये. हजारो अभंगांचा तो संग्रह पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचायला बसणारे बहुधा मध्येच थांबतात. रोज रात्री एक अभंग पुरे. गणपत वाणी तशीच वाचत असावा.